लिथियम, विस्मरण आणि मंदावलेला विचार : दोष औषधाचा की आजाराचा?

प्रमेय

मी गणित शिकवते. मला बायपोलर विकार (उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार) असल्याचे निदान झाले त्याला आता काही वर्षे उलटली आहेत. उन्मादाचा, म्हणजे अतिउत्साह आणि झोप उडण्याचा, एक मोठा झटका येऊन रुग्णालयात राहावे लागले होते. त्यानंतर तसे पुन्हा घडलेले नाही, आणि याचे श्रेय औषधांनाच आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. सध्या लिथियम कार्बोनेट ९०० मिलिग्रॅम दोन वेळांत विभागून, रात्री ओलान्झपिन १० मिलिग्रॅम आणि ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम दोन वेळा असे चालू आहे. मागच्या तपासणीत लिथियमची रक्तातली पातळी ०.९ मिलिमोल प्रति लिटर आली आणि ती योग्य असल्याचे मला सांगण्यात आले.

अडचण मनःस्थितीची नसून बुद्धीची आहे. फळ्यावर एखादी सिद्धता मांडताना सहाव्या ओळीपर्यंत पोहोचते आणि दुसऱ्या ओळीत काय गृहीत धरले होते ते वर पाहिल्याशिवाय आठवत नाही. विद्यार्थ्याने मध्येच शंका विचारली तर उत्तर देता येते, पण ते देऊन झाल्यावर मूळ मुद्दा कोठे सोडला होता हे सापडत नाही. नव्या तुकडीतील मुलांची नावे सत्र संपत आले तरी पाठ होत नाहीत, जुन्या विद्यार्थ्यांची मात्र अजूनही तोंडावर आहेत. वाचताना परिच्छेद समजतो, पण पान उलटले की त्यातले काही उरत नाही. सर्वांत जास्त खटकते ते हे, की पूर्वी एका गणितावरून दुसरे सुचायचे, दोन दूरच्या संकल्पनांमधले नाते आपोआप दिसायचे, ते जवळजवळ थांबले आहे.

डॉक्टरांना विचारले तेव्हा "या आजारात असे होते" एवढेच उत्तर मिळाले. ते खरेही असेल. पण मग यात औषधांचा वाटा किती आणि आजाराचा किती, हे ठरवण्याचा काही मार्ग आहे का? औषधामुळे आलेली मंदता औषध कमी केल्यावर भरून येते की कायमची राहते? आणि पुन्हा झटका न ओढवता काही बदल करता येतो का? गोळ्या सोडून देण्याचा माझा विचार नाही. ज्यांनी या अवस्थेतून वाट काढली आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात त्यांनी कृपया लिहावे.

मनोवैद्य

प्रमेय, मी मनोविकारतज्ज्ञ आहे. तुम्हाला न तपासता कोणती गोळी किती कमी करावी हे सांगणे योग्य होणार नाही. परंतु तुमची यादी पाहून पुढच्या भेटीत कोणते प्रश्न विचारावेत एवढे नक्की सांगता येईल.

तुमचा सारा रोख लिथियमवर दिसतो. माझी नजर मात्र प्रथम ट्रायहेक्सिफेनिडिलवर गेली. ही गोळी लिथियमसारखी मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणारी, नाही. मनोविकारावरील काही औषधांमुळे अंग ताठरते, हात थरथरतात, मान किंवा जबडा आखडतो. त्यावर उतारा म्हणून ती दिली जाते. मेंदूतील ॲसिटिलकोलीन या रसायनाचे काम ती अडवते, आणि नवी माहिती स्मरणात रुजण्यासाठी हेच रसायन लागते. जुनी नावे आठवतात आणि नवी रुजत नाहीत, हे तुमचे वर्णन त्याच्याशी जुळते, अर्थात तेवढ्यावरून निदान होत नाही. बहुतेक वेळा घडते ते असे, की झटक्याच्या काळात हॅलोपेरिडॉलसारखे औषध सुरू होते, त्याच्या जोडीला ही गोळी येते, पुढे मूळ औषध बंद होते आणि ही मात्र एका चिठ्ठीवरून दुसऱ्या चिठ्ठीवर उतरत राहते. ओलान्झपिनमुळे तसा ताठरपणा तुलनेने कमी येतो, त्यामुळे त्याच्याबरोबर तिची गरज सहसा पडत नाही. लिथियममुळे हात थरथरत असतील, तर त्यावर तिचा उपयोग होत नाही. त्यासाठी गरज पडल्यास प्रोप्रॅनोलॉल वापरतात. तेव्हा "ही गोळी मला आज नेमकी कशासाठी चालू आहे?" हा तुमचा पहिला प्रश्न असावा. मात्र तीही एका दिवसात बंद करू नका. अचानक थांबवल्यास मळमळ, अस्वस्थता आणि निद्रानाश होऊ शकतो, आणि झोप उडणे हे बायपोलर असलेल्या माणसाला सर्वांत महाग पडते.

ओलान्झपिनची गुंगी काही जणांत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळते. त्याने वजनही वाढते, आणि वाढलेल्या वजनाबरोबर घोरणे व झोपेत श्वास अडखळणे सुरू झाले असेल, तर रात्रभर झोपूनही सकाळी डोके जड राहते. अशा वेळी माणूस लिथियमला दोष देत राहतो आणि खरे कारण झोपेत दडलेले असते.

आता लिथियमविषयी. त्याचा बुद्धीवर परिणाम होतो का, तर होतो. सरासरीने तो लहान असतो, पण प्रत्येकात सारखा नसतो. उपलब्ध अभ्यास एकत्र पाहिले तर ऐकलेली शब्दांची यादी लगेच लक्षात ठेवणे, हालचालींचा व प्रतिसादाचा वेग, आणि एका शब्दावरून नवनवे शब्द सुचणे या तीन ठिकाणी घट आढळते. काही प्रयोगांत रुग्णांचे लिथियम देखरेखीखाली काही काळ थांबवण्यात आले, तेव्हा स्मरण, बोटांचा वेग आणि सुचण्याची क्षमता सुधारली, आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर ती उतरली. याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे "एकावरून दुसरे सुचणे थांबले" ही तुमची तक्रार काल्पनिक नाही. दुसरा म्हणजे हा परिणाम बऱ्याच अंशी उलटवता येण्याजोगा आहे.

पातळीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. ०.९ ही पातळी चुकीची नव्हे, परंतु दीर्घकालीन प्रतिबंधासाठी हल्ली सर्वसाधारणपणे ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर इतकी पातळी सुचवली जाते, आणि ज्यांना औषध लागू पडते पण सोसत नाही त्यांच्याबाबतीत ती ०.४ ते ०.६ पर्यंत खाली आणण्याचा पर्यायही मांडला जातो. मग सर्वांचीच पातळी खाली का आणत नाहीत? १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अमेरिकी अभ्यासात रुग्णांचे दोन गट केले होते. एकाची पातळी ०.८ ते १.० ठेवली आणि दुसऱ्याची ०.४ ते ०.६. कमी पातळीच्या गटाला दुष्परिणाम कमी झाले, पण आजार उलटण्याचा धोका २.६ पट निघाला. पुढे २००२ मध्ये त्याच आकडेवारीचे पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा असे दिसले की पातळी किती आहे यापेक्षा ती किती घसरली याचा आजार उलटण्याशी अधिक जवळचा संबंध होता. ज्यांची पातळी आधी उंच होती आणि अभ्यासासाठी एकदम खाली आणली गेली, त्यांना विशेष फटका बसला. मला या साऱ्या वाङ्मयात रुग्णाच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत कामाची वाटते. पातळी कमी करायचीच असेल तर ती थोडीथोडी, महिन्यांच्या हिशोबाने कमी करावी.

शेवटी, रक्ताच्या ज्या तपासण्या लिथियमसोबत दर सहा महिन्यांनी व्हायला हव्यात त्या झाल्या आहेत का हे पाहा. लिथियममुळे थायरॉईडचे काम मंदावू शकते आणि रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. या दोन्हींमुळे विस्मरण, सुस्ती आणि एकाग्रतेचा अभाव निर्माण होतो आणि दोन्हींवर उपचार आहेत. टीएसएच (थायरॉईडची चाचणी), कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), आणि त्यांच्याबरोबर एकदा बी१२ जीवनसत्त्व पाहून घ्यावे.

जुना प्रवासी

मी डॉक्टर नाही, याच आजाराचा रुग्ण आहे. वरील माहिती उपयुक्त आहे, पण "सरासरीने परिणाम लहान असतो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा राग येतो. सरासरी ज्याच्या वाट्याला येत नाही त्याला तिचा काय उपयोग? ज्याचे पोट लक्ष, शब्द आणि स्मरण यांवर चालते त्याच्या दृष्टीने लहानसा परिणामही नोकरी टिकणे आणि न टिकणे यांतले अंतर ठरू शकतो.

माझे औषध सोडियम व्हॅल्प्रोएट होते. मात्रा वाढवल्यानंतर दिवसा झापड येऊ लागली, साध्या वस्तूंची नावे बोलता बोलता निसटू लागली आणि माझे अक्षर बदलल्याचे घरच्यांच्या लक्षात आले. यकृताच्या चाचण्या केल्या, त्या व्यवस्थित होत्या. त्यावरून औषधाचा दोष नाही असा निष्कर्ष निघाला आणि हे नैराश्य परतत असल्याचे सांगून आणखी एक गोळी वाढवण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र रक्तातील अमोनिया तपासायला सांगितला. तो वाढलेला होता. व्हॅल्प्रोएटमुळे यकृत निरोगी असतानाही अमोनिया वाढू शकतो, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हते. मात्रा कमी केल्यावर काही आठवड्यांत माझे बोलणे पूर्वपदावर आले.

सांगण्याचा मुद्दा असा, की "आजारामुळे" हे उत्तर सर्वांत शेवटी यायला हवे. बाकीची कारणे तपासून बाजूला सारल्यानंतर. ते पहिलेच उत्तर म्हणून मिळाले तर रुग्णाने तेथे थांबू नये. प्रमेय यांनी लिथियमची पातळी उतरवणे, थायरॉईड वगैरे विचारलेच पाहिजे, आणि दुसरे मत घेण्यात संकोच करू नये. मला पुढे लॅमोट्रिजिन देण्यात आले आणि त्यावर डोके कितीतरी मोकळे वाटते. लिथियमऐवजी ते घेता येईल का, हेही विचारून पाहावे असे माझे मत आहे.

मनोवैद्य

जुना प्रवासी यांनी अमोनियाचा उल्लेख केला ते बरे झाले. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या अनेकांत अमोनिया थोडा वाढलेला असतो आणि त्यांना काहीच त्रास होत नाही, म्हणून ही तपासणी सरसकट केली जात नाही. पण झापड, गोंधळ, उलट्या किंवा वागण्यात अचानक बदल दिसला तर ती करायलाच हवी. टोपिरामेट हे अपस्मारावरील औषधही सोबत चालू असेल तर हा धोका वाढतो. (टोपिरामेट वजन आटोक्यात ठेवण्यासाठी जोडले जाते, शब्द न सापडण्याच्या तक्रारीत त्याचा क्रमांक फार वर लागतो, आणि उन्मादावर ते प्रौढांत उपयोगी ठरलेले नाही.) कार्बामॅझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन (याच आजारात दिली जाणारी आणखी दोन औषधे) घेणाऱ्यांनी याच धर्तीवर रक्तातील सोडियम पाहावे. ते उतरले की गोंधळ आणि सुस्ती येते, आणि वयस्कांत ते अधिक उतरते. व्हॅल्प्रोएट दीर्घकाळ घेणाऱ्या काही वृद्धांत कंपवातासारखी लक्षणे आणि स्मृतिभ्रंशाचा आभास निर्माण होतो, तोही औषध थांबवल्यावर बहुधा ओसरतो.

लॅमोट्रिजिनबाबत मात्र एक सावधगिरी सांगणे भाग आहे. बुद्धीला ते खरोखरच सौम्य आहे, या गटातील औषधांमध्ये कदाचित सर्वांत सौम्य. परंतु ते मुख्यतः नैराश्याचे झटके रोखते. उन्मादाविरुद्ध त्याचे संरक्षण दुबळे आहे. प्रमेय यांचा पूर्वेतिहास रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याइतक्या उन्मादाचा आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी ते लिथियमची जागा सहज घेऊ शकेल असे समजू नये. शिवाय ते २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्यांच्या अंतराने वाढवावे लागते, अन्यथा त्वचेवर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो, आणि सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर सुरुवात याहूनही कमी मात्रेने होते, कारण व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी जवळजवळ दुप्पट होते.

सहचर

माझ्या पत्नीला हा आजार आहे. प्रमेय यांनी गोळ्या सोडण्याचा विचार नसल्याचे लिहिले आहे, तरीही हे लिहितो, कारण असे धागे वाचणाऱ्यांत तो विचार करणारेही असतात.

पत्नी प्रबंध लिहीत होती. लिथियमवर वाक्ये सुचत नाहीत, संदर्भ ध्यानात राहत नाहीत, या तक्रारी जवळजवळ याच शब्दांत तीही करत असे. लिखाण पूर्ण होईपर्यंत म्हणून तिने कोणाला न सांगता गोळ्या थांबवल्या. पहिले काही दिवस तिला खरोखर उत्तम वाटले, आणि मला आज असे वाटते की त्या दिवसांतील काही भाग औषध उतरल्याचा होता व काही भाग येऊ घातलेल्या झटक्याचा. त्या वेळी दोन्ही सारखेच दिसत होते. पुढे झोप कमी झाली, मग ती लागेनाशी झाली, आणि उन्माद आला. तो ओसरल्यावर दीर्घ नैराश्य आले. या साऱ्यातून बाहेर पडल्यावर तिची स्मरणशक्ती लिथियम घेताना होती त्याहूनही खालावलेली होती, आणि ती भरून यायला फार काळ गेला. प्रबंध तिने नंतर लिथियमवरच पूर्ण केला.

यामुळे एक प्रश्न मला नेहमी पडतो. "पूर्वी मला किती सुचायचे" असे रुग्ण म्हणतो, तेव्हा ते "पूर्वी" कोणते? माझ्या पत्नीच्या स्मरणातील तिचे सर्वांत तल्लख दिवस हे, मागे वळून पाहता, सौम्य उन्मादाचे दिवस होते. त्या दिवसांशी तुलना केली तर निरोगी माणूसही मंदच ठरेल. प्रमेय यांच्याबाबतीत असेच असेल असे मी म्हणत नाही. फळ्यावरील दुसरी ओळ न आठवणे ही वेगळी गोष्ट आहे. पण नवे काही न सुचण्याच्या तक्रारीबाबत हा प्रश्न स्वतःला एकदा विचारून पाहावा, आणि शक्य असेल तर आपल्याला आजारापूर्वीपासून ओळखणाऱ्या एखाद्या सहकाऱ्यालाही.

मोजपट्टी

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून चाचण्यांविषयी लिहिते, कारण मूळ प्रश्नातील "ठरवण्याचा मार्ग आहे का" या भागाला अजून कोणी हात घातलेला नाही.

मार्ग आहे, पण तो एका चाचणीचा नाही. एकदाच मोजून आलेला गुणांक औषधाकडे बोट दाखवतो की आजाराकडे, हे सांगू शकत नाही. मनःस्थिती पूर्णपणे स्थिर असताना, औषधे घेत नसलेल्या रुग्णांतही शाब्दिक स्मरण, लक्ष आणि नियोजनक्षमता यांत घट आढळते. झटके जितके अधिक झालेले असतील, विशेषतः उन्मादाचे, तितकी ती जास्त असण्याकडे कल दिसतो. याउलट साधारण एक तृतीयांश रुग्णांची कामगिरी निरोगी व्यक्तींसारखीच असते. म्हणून दोन वेळा मोजावे लागते: औषधात बदल करण्यापूर्वी एकदा आणि बदल स्थिरावल्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा, दोन्ही वेळा मनःस्थिती सम असताना आणि दिवसाच्या त्याच सुमारास. तुमच्याच दोन गुणांकांतला फरक हा कोणत्याही सरासरीपेक्षा तुमच्या प्रश्नाचे उत्तर अधिक चांगले देईल. जुना प्रवासी यांच्या रागाला यापेक्षा चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

यासाठी बायपोलर विकारात काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये दोन साधने सुचवली. एक म्हणजे कोब्रा ही १६ प्रश्नांची यादी, जीत रुग्ण स्वतःच्या अडचणी स्वतः नोंदवतो. दुसरी म्हणजे स्किप ही साधारण १५ ते २० मिनिटांची चाचणी. तीत शब्द लक्षात ठेवणे, उशिराने आठवणे, मनात माहिती धरून ठेवणे, ठराविक अक्षरापासून शब्द सांगणे आणि वेग हे घटक येतात. तिचे तीन समांतर संच आहेत, त्यामुळे दुसऱ्या वेळी निव्वळ सरावाने गुण वाढण्याची अडचण कमी होते. स्मृतिभ्रंशासाठी वापरली जाणारी झटपट चाचणी मात्र तुमच्या उपयोगाची नाही. गणित शिकवणारी व्यक्ती तिच्यात पैकीच्या पैकी गुण मिळवेल आणि "काहीच बिघडलेले नाही" असा शेरा घेऊन परत येईल.

दोन्ही साधने एकत्र वापरण्याचे कारणही सांगते. रुग्णाला जाणवणारी अडचण आणि चाचणीत दिसणारी घट यांचा मेळ अनेकदा बसत नाही. चाचणीत कामगिरी उत्तम आणि तक्रारी मात्र खूप असतील, तर उरलेसुरले नैराश्य, चिंता किंवा झोप यांकडे पाहावे लागते. याच्या उलट, तक्रार काहीच नाही आणि चाचणीत मोठी घट, असेही रुग्ण असतात. त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

सहचर यांनी नव्या कल्पना सुचण्याविषयी लिहिले ते वाचून डेन्मार्कचे मोगेन्स शू आठवले. लिथियमला आजच्या उपचारपद्धतीत स्थान मिळवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते हे संशोधक. १९७९ मध्ये त्यांनी लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना त्यांच्या निर्मितीविषयी विचारले. १२ जणांनी ती वाढल्याचे सांगितले, ६ जणांनी फरक पडला नसल्याचे आणि उरलेल्या ६ जणांनी घटल्याचे. ज्यांची वाढली त्यांचे काम पूर्वी झटक्यांमुळे वारंवार खंडित होत असे. हा लहानसा अभ्यास आहे, कलावंतांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेला आहे, तरीही त्यातील शेवटच्या ६ जणांना दुर्लक्षून चालणार नाही असे मला वाटते. प्रमेय त्यांच्यापैकी असू शकतात.

औषधातील बदल होईपर्यंतही काही करता येते. बार्सिलोना येथील संशोधकांच्या गटाने बायपोलर रुग्णांसाठी आठवड्याला एक याप्रमाणे २१ सत्रांचा कार्यक्रम तयार केला. त्यात स्मरण, लक्ष आणि नियोजन यांची घोकंपट्टी न करता ते रोजच्या कामांत वापरण्याच्या युक्त्या शिकवतात. त्याने चाचणीतील गुण फारसे वाढले नाहीत, दैनंदिन व्यवहार मात्र सुधारला. तुमच्या कामापुरते बोलायचे तर सिद्धतेतील गृहीतके फळ्याच्या एका कोपऱ्यात वेगळी लिहून तास संपेपर्यंत न पुसणे, शंकेचे उत्तर देण्यापूर्वी सोडलेल्या ओळीसमोर खूण करणे, आणि नावे पाठ करताना सर्व यादी एकदम न घेता रोज मोजकी घेऊन दुसऱ्या दिवशी ती न पाहता आठवून पाहणे, यांपासून सुरुवात करता येईल. विद्यार्थ्यांना तर पहिल्या युक्तीचा फायदाच होईल.

प्रमेय

सर्वांचे मनापासून आभार. सहचर यांचा प्रश्न मी स्वतःला विचारला. एकावरून दुसरे सुचण्याबाबत माझे "पूर्वी" काही अंशी सौम्य उन्मादाचे असू शकते, हे मान्य करावे लागेल. नावे आणि सिद्धतेतील ओळी यांबाबत मात्र तसे नाही. त्या बाबतीत मी विद्यार्थिदशेपासून चांगली होते.

ट्रायहेक्सिफेनिडिल कशासाठी चालू आहे, हे माझ्या कागदांत कोठेही लिहिलेले नाही. टीएसएच शेवटचे केव्हा पाहिले तेही शोधावे लागेल. घोरण्याविषयी घरून होकारार्थी उत्तर मिळाले. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. हे सर्व एकदम सुधारायला घ्यावे की एकामागून एक, आणि त्यातही आधी काय? दुसरी भीती अधिक मोठी आहे: लिथियम आयुष्यभर घेतल्याने मेंदूची हळूहळू हानी होते का?

मनोवैद्य

आधी भीतीविषयी. योग्य पातळीत घेतलेल्या लिथियममुळे मेंदू झिजतो असे दिसत नाही. पुरावा उलट बाजूला झुकतो. लिथियम घेणाऱ्या बायपोलर रुग्णांत मेंदूतील करड्या द्रव्याचे (चेतापेशी असलेल्या भागाचे) आकारमान न घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळते, आणि डेन्मार्क व इंग्लंडमधील मोठ्या वैद्यकीय नोंदींवर आधारित अभ्यासांत लिथियम घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले आहे. या अभ्यासांत औषध कोणाला द्यायचे हे संशोधकांनी ठरवलेले नसते, त्यामुळे लिथियम स्मृतिभ्रंश टाळते असे त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण हानीची भीती कमी व्हायला ते पुरेसे आहे. आज स्मरण थोडे मंदावणे आणि मेंदूला दीर्घकाळ संरक्षण मिळणे, या दोन्ही गोष्टी एकाच औषधाबाबत खऱ्या असू शकतात.

अपवाद आहे तो विषबाधेचा. पातळी १.५ च्या वर गेली की धोका सुरू होतो, आणि तीव्र विषबाधेनंतर काही रुग्णांत तोल, बोलणे व हालचालींतील सुसूत्रता कायमची बिघडते. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी होणे, मीठ अचानक बंद करणे, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके, रक्तदाबावरील काही औषधे आणि लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गटातील गोळ्या यांमुळे पातळी चढते. कोणीही डॉक्टर नवे औषध लिहून देत असेल तेव्हा लिथियम चालू असल्याचे सांगायचे. हात पूर्वीपेक्षा जाडसर थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला किंवा जीभ जड झाली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

क्रमाविषयी म्हणाल तर, एका वेळी एकच बदल. दोन गोळ्या एकदम बदलल्या आणि बरे वाटले तर कोणामुळे ते कळत नाही, आणि झोप बिघडली तर कोणती परत सुरू करायची तेही कळत नाही. रक्ताच्या तपासण्या आणि मोजपट्टी यांनी सांगितलेली पहिली चाचणी आधी व्हावी. थायरॉईड किंवा कॅल्शियममध्ये काही निघाले तर त्यावर उपचार करून थांबावे व पाहावे. त्यानंतर, तुमच्या डॉक्टरांना पटल्यास, ट्रायहेक्सिफेनिडिल टप्प्याने कमी करणे हा सर्वांत कमी जोखमीचा बदल आहे, कारण झटका रोखण्यात तिचा काहीच वाटा नाही. घोरण्यासाठी झोपेचा अभ्यास, म्हणजे झोपेतील श्वासाची नोंद घेणारी तपासणी, याच काळात करून घेता येईल. ओलान्झपिनचा विचार त्यानंतर आणि लिथियमचा अगदी शेवटी करावा. परीक्षेच्या किंवा उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत, जेव्हा जागरण ठरलेलेच असते, तेव्हा कोणताही बदल करू नये.

लिथियमची पातळी पुन्हा तपासाल तेव्हा रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढलेले असले पाहिजे. तुम्ही औषध दोन वेळांत घेता, म्हणून त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची. मागच्या वेळी ती आधी घेतली गेली असेल तर ०.९ हा आकडा फुगलेला असू शकतो, आणि मग पुढचे सारे गणित वेगळे होईल. पुढे सर्व मात्रा रात्री एकदाच घेण्याचे ठरले, तर तीच मात्रा असूनही १२ तासांनंतरची पातळी थोडी अधिक दिसते, हेही तुमच्या डॉक्टरांबरोबर आधी बोलून ठेवा.

प्रमेय

मागच्या वेळी सकाळची गोळी घेऊनच रक्त द्यायला गेले होते. आता रीतसर तपासणी करून, टीएसएच आणि कॅल्शियमसह अहवाल हाती आला की याच धाग्यावर लिहीन.